दारावर चिकटवलेली नोटीस

"जागा सरकारची आहे बाई, खाली करा!" महसूल खात्याचे सर्कलसाहेब तिसऱ्यांदा ओरडले, आणि माझी माय तिसऱ्यांदा म्हणाली, "आधी नोटीस दखाडा!"

मुंबई राज्य होतं तेव्हाचं सांगते. धानोऱ्याच्या गायरानात आम्हा मायलेकींची झोपडी होती. ती पाडली असती तर दुसरं छप्पर नव्हतं. पण नोटीस दिल्याशिवाय सरकारलाही कुणाला हुसकावता येत नाही, एवढं मायनं बाजारात ऐकलेलं.

साहेबांनी पंचनामा माझ्यापुढं नाचवला. "दिलीय नोटीस! वाच, वाचता येत असेल तर."

येत होतं की! शाळेचं तोंड न पाहता, दुकानांच्या पाट्यांवरून शिकले होते मी. खणखणीत वाचलं, "बाई घरी नसल्याने नोटीस घराच्या दारावर चिकटवली." खाली दोन पंचांच्या सह्या.

साहेबांनी झोपडीकडं पाहिलं. पुढं नुसतं गोणपाट लटकत होतं. पाडायला आणलेले गडी तोंड फिरवून हसायला लागले.

त्या दिवशी साहेब हात हलवत परत गेले, ते मायच्या एका वाक्यानं. अजून आठवलं की मी एकटीच हसते, आणि डोळेही भरतात. पदर खोचून ती म्हणाली,

"दादा, ते दार पहिले माले दखाडा, कडी लावीसन झोपाले बरं पडी!"