आठ फोटोंचा रोल

विषय – जप्त झालेला कॅमेरा अर्जदारास परत मिळणेबाबत. संदर्भ – अर्जदाराचे तीन मार्च, सात एप्रिल आणि अकरा जून अठ्ठावन्नचे अर्ज. – नाही, बसा बाळाजीराव, मी उभ्यानंच वाचतो. तुम्ही मुद्देमालाचे कारकून, मी निवृत्त कारकून – अर्ज न वाचता फायलीत कसा लावायचा हे मला शिकवू नका, त्यात माझी तीस वर्षं गेली. तर मागणी एवढीच – रेवसच्या खाडीवर धर्माजी कोळ्याचा खून झाला, तिथं पंचांनी दिसेल ते उचललं – रक्तानं माखलेलं वल्हं एक, फुटकी टोपली एक, ‘तीन पायांवरचा काळा डबा एक’. तो डबा माझा. निवृत्त झाल्यावर लोक देवळात बसतात, मी खाडीचे, माडांचे, ढगांचे फोटो काढत हिंडतो. खुनाशी त्याचा संबंध काय? काही नाही. जबानीत लिहिलंय ना – मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, धर्माजी पाण्यात पालथा होता, घाबरून मी डबा टाकून पळालो. रिकामा डबा तुमच्या काय कामाचा –

आणलात होय? हाच तो. ओळख पटली, द्या इकडे – अहो, ती खिटी ओढू नका. उघडू नका, उजेड शिरला तर रोल जाईल!

हं. रिकामा म्हणालो खरा. आत रोल आहे – आठ फोटोंचा. तुम्ही उघडला असतात तर मी सुटलो असतो, आणि मीच तुमचा हात धरला. पण तसा उजेड खाडीवर वर्षातून एखाद्या सकाळी पडतो हो – ढग फाटलेले, पाणी तांब्यासारखं आणि मधोमध जाळं बांधायचा एकच खुंट. नुसत्या खुंटाचा फोटो काय काढायचा? दृश्यात माणूस हवा, लहानसा, म्हणजे आकाशाला मोठेपण येतं. म्हणून आदल्या दिवशी धर्माजीला म्हटलं, सकाळी होडी त्या खुंटाला बांध आणि उभा राहा. तो नको म्हणत होता – खुंट त्याच्या चुलतभावाचा, हिरामणचा, बापाकडून आलेला. दुसऱ्यानं तिथं होडी बांधली म्हणजे जागा बळकावली, असंच त्यांच्यात धरतात. म्हणाला, ‘भाऊसाहेब, त्यो मारंल मला.’ मी म्हटलं, पाच मिनिटांत कोण येतंय? आला ना.

पहिल्या फोटोत धर्माजी हसतोय. दुसऱ्यात मागून हिरामणची होडी येतेय. तिसऱ्यापासून वल्हं आहे. ते खांद्यावर बसलं तेव्हा हाड मोडल्याचं मला काठावर ऐकू आलं, ओली फांदी मोडावी तसं. मग तोंडावर – दात, रक्त. त्यानं होडीची कड धरली, तर वल्हं बोटांवर. एकेक बोट सुटलं. त्यानं हिरामणकडे नाही, माझ्याकडे बघितलं – ‘भाऊसाहेब, सांगा ना त्याला.’ सांगायचं एकच वाक्य होतं – होडी मी बांधायला लावली. मी काय केलं? चावी फिरवून पुढचा फोटो आणला. ढग सरकत होता ना. पाठोपाठ डोक्यावर दोन फटके. आठवा काढला तेव्हा होडीत हिरामण एकटाच उभा होता, आणि खरं सांगू – आठांत तोच सगळ्यात चांगला आला असणार.

आता हिरामणचा वकील म्हणतो, धर्माजी खुंट बळकावायला आला, म्हणून मारामारी झाली. धर्माजीची बायको कोकिळा – तिला कोळीवाडा चोराची बायको म्हणतो, बाजारात तिच्या मासळीच्या टोपलीला कुणी हात लावत नाही. परवा माझ्या दारात आली, विचारलं, ‘भाऊसाहेब, त्यो तिथं कशाला गेलता हो?’ मी म्हटलं, कुणास ठाऊक.

लिहिताय काय मघापासून? हे बोलणं झालं बाळाजीराव, ही काही जबानी नव्हे – फायलीला हे लागत नाही, मला नियम माहीत आहेत – बरं, शेरा तरी वाचू द्या. ‘कॅमेऱ्यात रोल असल्याचे अर्जदाराने सांगितले. रोल धुण्यासाठी मुंबईस पाठवावा. अर्ज प्रलंबित.’

अक्षर छान आहे तुमचं. येतो.