जास्तीचं वाण

(मुलुंडच्या घरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी चालली आहे. सून अक्षता कपाट उघडून उभी आहे. सासूबाई, जानकी, पलंगावर बसून वाणाच्या वाट्या पुसताहेत. पुसलेलीच वाटी त्या पुन्हा पुसताहेत.)

अक्षता: मग या वस्तू कोणाच्या, आई? एक चाळणी, एक करंडा, एक साबणदाणी... दर वर्षीच्या वाणातलं एकेक. सगळं कोरं.

जानकी: उरतं गं. ठेव होतं तसं.

अक्षता: दर वर्षी बरोबर एकच उरतं?

जानकी: तू तुझं काम बघ. आणि उद्या तुझं ते भाषण नको.

अक्षता: कळलं मला. महिला मंडळाच्या अध्यक्ष तुम्ही, कार्यक्रमातून माझं नाव खोडलंत. आमच्या दवाखान्यात रोज बघते मी. बायकोच्या तपासण्यांची फाइल ही एवढी जाडी, आणि नवरा दारातूनच परत. मूल होत नसेल तर दोघांनी तपासून घ्या, एवढंच सांगणार होते.

जानकी: हळदीकुंकवात पुरुषांच्या तपासण्या? शोभतं का?

अक्षता: तुमच्या नितेशलाही शोभत नाही. तीन वर्षं मी सुया टोचून घेतेय. त्याची एक साधी तपासणी, तर तुम्ही म्हणालात, आमच्या घरात पुरुषांत दोष नसतो.

जानकी: म्हणाले खरी. सासूबाईंचं वाक्य ते. माझ्या तोंडातून आलं आणि मीच घाबरले.

अक्षता: का?

जानकी: ते वाण सुलक्षणावहिनीचं आहे.

अक्षता: तुमच्या मोठ्या जाऊबाई? गावी वारल्या त्या?

जानकी: तिला मूल होत नव्हतं, म्हणून भाऊजींचीही तपासणी केली. ते कामाच्या पाळीवर होते, म्हणून त्यांचा रिपोर्ट आणायला मला पाठवलं. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. शुक्राणूंपुढे 'निल' लिहिलेलं, म्हणजे शून्य. सासूबाईंना वाचून दाखवलं. 'ह्यां घराभायर जावचां नाय,' म्हणाल्या, आणि कागद स्टोव्हवर धरला.

अक्षता: आणि वहिनींना काय सांगितलं?

जानकी: भाऊजी ठीक आहेत म्हणून. मीच सांगितलं, अक्षता. पुढे नितेश पोटात होता. माझी ओटी भरली तेव्हा तिला आत स्वयंपाकघरात बसवलेली, नजर नको म्हणून. पोळ्या लाटत होती. मला विचारते, 'जानकी, तुला कडा कुरकुरीत आवडतात ना?'

अक्षता: आई...

जानकी: पुढे काडीमोड. दुसरी आणली, तिलाही नाही झालं. सगळ्यांना कळलं, तोंड कोणी उघडलं नाही. वहिनी माहेरी तापाने गेली, तोवर स्वतःलाच बोल लावत होती. आता दर हळदीकुंकवाला वाटतं, ती दाराबाहेर उभी आहे. मी वाण घेऊन दाराशी जाते. कोणी नसतं.

अक्षता: मला कधी सांगितलं नाहीत.

जानकी: तुझ्याकडे बघवत नव्हतं. तू परवा पोळ्या लाटत होतीस ना, मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

अक्षता: मग आता?

जानकी: उद्या बोल तू. पुरुषांनाही बोलाव. आधी नितेशला फोन लाव.

अक्षता: तो ऐकणार नाही.

जानकी: मी बोलते त्याच्याशी. रिपोर्ट आणायला मीच जाईन. आणि आणून आधी तुझ्या हातात देईन.