भिंतीआडही फुल्ल नेटवर्क

घाटकोपरच्या मोबाइल गॅलरीत बाळाला खांद्यावर घेऊन मी रांगेत होते. माझ्या पुढच्या बाई काउंटरवरच्या मुलीशी बोलत होत्या.

“बाय, मला जुन्या कंपनीत परत जायचंय.”

“मार्सेलिना आंटी, तीनच आठवडे झालेत. नव्वद दिवस नंबर हलवता येत नाही.”

“जुन्या कंपनीचा फोन अधूनमधून कट व्हायचा. तुमच्या बोर्डावर वाचलं, भिंतीआडही फुल्ल नेटवर्क. म्हणून आले. आता घरात नेटवर्कची एक कांडी येत नाही.”

“खाली बारीक अक्षरात लिहिलंय ना, जागेनुसार फरक पडेल.”

“बारीक अक्षर बसमधून दिसतं का गं?”

“तक्रार घेते. एवढी घाई कसली, आंटी?”

“माझा नवरा कॉस्मस तीन वर्षं किडनीच्या यादीत आहे. मंगळवारी हॉस्पिटलने पाचदा फोन केला. लागला नाही, म्हणून पुढच्याला बोलावलं.”

“...सॉरी आंटी. तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवलाय, तेवढा सांगा.”

“फोन कॉस्मसकडे आहे. जिन्यावर दोन कांड्या येतात, दिवसभर तिथेच बसतो.”

“थांबा, मी इथून फोन लावून त्यांना विचारते.”

“नको गं बाय, लावू नकोस! तेवढ्यात हॉस्पिटलचा आला तर?”