ऐन वळणावर होडीकडे बघण्याची खोड

सन्माननीय अध्यक्षमहाराज, आजच्या प्रमुख पाहुण्या आणि आपल्या तलावाची सगळी काळजी ज्यांच्या खात्याकडे आहे त्या मुख्य अभियंता मॅडम, जलक्रीडा मंडळाचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे आज चक्क कोरड्या कपड्यांत जमलो आहोत ते आमचे सर, सरांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे शिडांच्या गुंडाळ्यांवर बसलेले माझे सोबती, विद्यार्थी व पालकहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी दातांचा डॉक्टर. माझ्या धंद्यात समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि बोलतो मी. मला उलट उत्तर द्यायची कुणाची सोय नसते. त्यामुळे भाषण मला अवघड जाणार नाही, असा कार्यकारिणीचा समज झाला. पण इथे सगळ्यांची तोंडं मिटलेली आहेत आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. माझा घसा आत्ताच कोरडा पडलाय. पाणी मिळेल का जरा? आभारी आहे.

मंडळी, आजचा कार्यक्रम दुहेरी आहे. सरांना निरोप, आणि नव्या मुख्य प्रशिक्षकांचं स्वागत. हे दुसरं वाक्य मी प्रथम निमंत्रणपत्रिकेत वाचलं, आणि त्याच्यापुढे माझं नाव वाचलं. तेव्हा खुर्चीत पेशंट होता. मी पत्रिका हातात धरून इतका वेळ गप्प उभा राहिलो, की त्या बिचाऱ्याला वाटलं आपली दाढ काही वाचत नाही. मला आधी कुणी विचारलं का? चिटणीस म्हणाले, "तुम्हाला काय विचारायचं? तुमच्याशिवाय आहे कोण?" आता यावर माणसाने काय बोलावं?

तर जे बोलायचं ते आज, सरांच्या साक्षीने बोलतो. मला पाण्यावर वळता येत नाही.

बघा! हसलात. आणि डाव्या बाजूने टाळ्याही आल्या. मला याचीच धास्ती होती. आपल्याकडे अशा समारंभात प्रत्येक जण उभा राहून सांगतो की मी या मानाला पात्र नाही, आणि आपण टाळ्या वाजवतो. ते ठीकच आहे, ती रीत आहे. पण जो खरोखरच पात्र नाही, त्याने कोणत्या शब्दांत सांगावं? त्याच्यासाठी वेगळे शब्द आपण ठेवलेलेच नाहीत. मी गेले आठ दिवस शोधतोय.

प्रमुख पाहुण्यांना आमच्या खेळाची माहिती नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. विंडसर्फिंगमध्ये पायाखाली एक फळी, फळीवर उभं शीड, आणि शिडाला धरायला एक आडवी दांडी. बस्स. सुकाणू नाही, ब्रेक नाही. सरळ जाणं कुणालाही जमतं, वारा नेतो. खरी परीक्षा वळताना. वाऱ्याला पाठ देऊन वळायचं तर गुडघे वाकवायचे, वजन फळीच्या आतल्या कडेवर टाकायचं, शीड पुढे कलतं करायचं, पुढचा हात ताणलेला ठेवायचा आणि मागचा हात नेमक्या क्षणी सोडायचा. शीड आपोआप दुसऱ्या बाजूला फिरतं, पाय बदलायचे, दांडी पकडायची, आणि चाललात परतीला. लवकर सोडलंत तर वेग मरतो, उशीर केलात तर शीडच तुम्हाला फेकून देतं.

हे सगळं सरांनी आपल्याला कुठे शिकवलं? गवतावर! शिडांच्या खोलीमागे ती जुनी फळी पडलेली असते, रंग उडालेली, तिच्यावर शीड उभं करायचं आणि शिडाच्या टोकाला दोर बांधून सर तो ओढत उभे राहायचे. म्हणायचे, "आज वारा मी." आणि काय एकेक झुळूक सोडायचे! मध्येच दोर ढिला सोडून माणसाला तोंडघशी पाडायचे आणि वर विचारायचे, "वाऱ्यावर एवढा विश्वास कशाला टाकलात?"

या गवतावर, मंडळी, मी निर्दोष वळतो. यात मी विनय करणार नाही. सर प्रत्येक नव्या तुकडीला सांगायचे, "डॉक्टरांचं बघा." आणि मी दाखवायचो. अध्यक्षमहाराजांच्या सूनबाई माझं बघून शिकल्या. आठवड्याच्या आत त्या तिकडे तलावाच्या मध्यावर सफाईने वळून आल्या आणि काठावर येऊन माझे आभार मानले. मी त्या वेळी पाण्यातून बाहेर येत होतो. अर्थात पोहत.

कारण पाण्यावर माझं काही वेगळंच होतं. गुडघे वाकतात, वजन आत जातं, मागचा हात सुटतो, शीड फिरू लागतं, आणि मी पाठीवर पडतो. मग फळीवर चढायचं, बुडालेलं शीड दोराने ओढून दुसऱ्या बाजूला काढायचं आणि काठाकडे निघायचं. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, गडी गेला आणि आला. मधलं वळण पाण्याखाली झालं हे त्याला दिसत नाही.

बरं, ज्यांना दिसलं त्यांचं काय? त्यांचा घोटाळा सरांनी केला. एकदा होडीत नवी तुकडी घेऊन सर माझ्याजवळून चालले होते आणि मी पडलो. सर मुलांना म्हणाले, "बघा, पडावं तर असं. दांडीपासून लांब, पाठीवर, आणि वर येताना हात डोक्यावर, म्हणजे शीड डोक्यात बसत नाही." झालं! तेव्हापासून डॉक्टर पडतात ते शिकवण्यासाठी, असं गावभर झालं. पालक माझे व्हिडिओ काढतात. एक आई मुलीचे दात दाखवायला आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम किती छान पडता हो!" मी म्हटलं, मुद्दाम नाही पडत. तर त्या मुलीला म्हणाल्या, "बघ बाळा, मोठी माणसं अशी असतात."

सरांखेरीज एकट्या माझ्या बायकोला खरं काय ते माहीत आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मला बसायची खूण करते आहे. ती म्हणते, "मुद्दाम पडणारा माणूस रोज एवढं पाणी पिऊन घरी येत नाही."

मागच्या महिन्यात शिडं गुंडाळताना मी सरांना सरळ विचारलं. म्हटलं, "सर, माझं चुकतं कुठे?"

सर म्हणाले, "अहो डॉक्टर, पाय बरोबर आहेत. गुडघे बरोबर. हातही वेळेवर सुटतो. मान कुठे असते तुमची?"

"मान?"

"वळणातून बाहेर पडून जिकडे जायचं तिकडे बघायचं, हे गवतावर तुम्हीच सगळ्यांना सांगता. आणि पाण्यावर ऐन वळणात तुम्ही बघता होडीकडे. माझ्याकडे. बरोबर चाललंय का हे विचारायला. मान गेली की खांदा जातो, खांद्यामागे शीड जातं आणि शिडामागोमाग आमचे डॉक्टर."

मी म्हटलं, "मग तुम्ही होडीत बसू नका."

सर म्हणाले, "मी होडीत नसलो तर तुम्हाला काढणार कोण?"

सांगा मंडळी, या पेचातून काय वाट आहे? सर होडीत असले की मी बघणार, आणि बघितलं की पडणार. सर होडीत नसले तर पडलेल्याला उचलायला कुणी नाही. आम्ही उपाय केले नाहीत असं नाही. मी टोपीला कानाच्या बाजूला पुठ्ठा शिवून पाहिला, टांग्याच्या घोड्याला लावतात तसा. पहिल्या पडण्यातच पुठ्ठ्याचा लगदा झाला. मग एके दिवशी सर होडीत आडवे झाले, मला दिसू नये म्हणून. ऐन वळणावर मला होडी रिकामी दिसली. सरांना काही झालं की काय, या काळजीने मी पाहिलं, आणि व्हायचं तेच झालं.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे बघताहेत. दोनच मिनिटं.

उद्या सकाळी नवी तुकडी येणार आहे. बांधाकडून वारा कसा येतो तुम्हाला ठाऊक आहे. सरळ येत नाही, दबा धरून येतो. ती मुलं पाण्यावर जातील, ऐन वळणावर गोंधळतील, आणि माझ्यासारखीच होडीकडे बघतील. होडीत कोण? मी! ज्यांनी मुलं पाठवली आहेत त्या आईबापांनी मघाशी मला हस्तांदोलन करून सांगितलं, "आता तुमच्या हवाली." मला दरदरून घाम फुटला. हा घाम खरा आहे हो. कुणीतरी विश्वास ठेवा.

आणि आता सरांबद्दल दोन शब्द, कारण समारंभ त्यांचा आहे आणि मी मघापासून स्वतःचंच दळण दळतोय. सरांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. ते मुलीकडे राहायला चालले आहेत, आणि तिच्या गावात पाणी फक्त नळाला आहे. सर, तुम्ही योग्य तेच करता आहात. काकूंनी इतकी वर्षं ओले टॉवेल वाळवले, त्यांनाही विसावा हवा. हे सगळं मला कळतं. पण मला तुम्ही जायला नको आहात. इतकी वर्षं मी पडतोय आणि तुम्ही न कंटाळता बघताय. माझ्या वडिलांनीसुद्धा एवढा धीर धरला नसता, त्यांनी मला सायकल शिकायलाही दुसरा दिवस दिला नव्हता. तुम्ही गेल्यावर मी काय करायचं, हे मला खरंच माहीत नाही.

बसतो. पण बसण्यापूर्वी कार्यकारिणीला एक विनंती. माझ्या बोलण्यावर विश्वास नाही ना? मग पुरावा घ्या. या सभागृहात सगळी तुकडी हजर आहे. ज्यांनी मला पाण्यावर एकदा तरी, एकदा तरी, पूर्ण वळताना पाहिलं असेल त्यांनी हात वर करावा. गवतावरचं धरायचं नाही.

सूनबाई? नाही. चिटणीस? तुम्ही तर रोज काठावर असता. नाही. मागे शिडांवरची मंडळी? एकही नाही. आता कुणी हसत नाहीये. धन्यवाद. अध्यक्षमहाराज, कृपया नोंद घ्यावी आणि या नेमणुकीचा फेरविचार...

सरांना काही हवंय का? काकू, बघा जरा, सरांनी हात वर केलाय. पाणी द्या त्यांना.

पाणी नको? मग?

सर म्हणताहेत, मागे ऐकू येत नसेल, मी सांगतो, सर म्हणताहेत की त्यांनी पाहिलं आहे. कधी सर? होडीचं इंजिन बंद पडलं त्या दिवशी? हो, आठवतं ना. होडी बांधाच्या दगडांकडे वाहत चालली होती. मी जाऊन फळीवर बसलो आणि होडी आदळू नये म्हणून दगडांना पाय लावून ती धरून ठेवली. तेवढ्यात सरांनी इंजिन चालू केलं. पण त्यात वळण कुठे आलं?

सर म्हणताहेत, "तुम्ही पलीकडच्या काठाकडे निघाला होतात. होडी तुमच्या पाठीमागे होती. मग माझ्यापर्यंत आलात कसे?"

कसा आलो? इंजिनाचा आवाज थांबला एवढं कळलं. मान वळवली, होडी वाहताना दिसली. पुढचं मला आठवत नाही सर. मी आलो.

सर म्हणताहेत, "वळताना गुडघासुद्धा भिजला नाही. मी इंजिनात डोकं घातलं होतं, काखेतून पाहिलं. होडीकडेच बघत होतात. पण विचारायला नाही, यायला."

मग तुम्ही मला त्याच दिवशी सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर पुढच्या वळणाला मी पाहतोय का, हे बघितलं असतंत."

आणि आज का सांगताय?

सरांनी हात अजून वरच ठेवलाय. काकू म्हणताहेत, "त्यांची गाडी उद्या पहाटेची आहे ना, म्हणून."

मंडळी, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, प्रमुख पाहुण्या आवर्जून आल्या, अध्यक्षांनी मला जादा वेळ दिला, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल तर पदरात घ्या. उद्या सकाळच्या तुकडीने वेळेवर यावं, कोरडे कपडे सोबत आणावेत.

हात खाली करा सर. मी पाहिलं. आता हात खाली करा.