झाकणावरची खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्षेत्रीय कार्यालयाचे प्रमुख माननीय बद्रीनाथ साहेब. व्यासपीठावरचे सर्व अधिकारी. आजच्या सत्कारमूर्ती, ड्रेनेज विभागाच्या अभियंता सुरय्या बागवान मॅडम. त्यांचे यजमान मन्सूरभाई, त्यांची लेक फरहत. धायरीहून मुद्दाम आलेली मंडळी. आणि खाली बसलेले माझे सगळे कामगार बंधू-भगिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी कौशल्या अवघडे, या ऑफिसातली शिपाई. आजवरची निरोपाची सगळी भाषणं मी त्या दारापाशी चहाचा ट्रे धरून ऐकलीत. त्यामुळे 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' आणि 'कधीही न भरून येणारी पोकळी' हे मला तोंडपाठ आहे. एका साहेबांच्या जाण्यानं अशी पोकळी निर्माण झाली होती की दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवरून तिघांची भांडणं लागली. हसू नका साहेब, आपण तेव्हा इथे नव्हता. तर मॅडम म्हणाल्या, "माझ्याबद्दल कुणी बोलायचंच असेल तर कौशल्याताईंनी बोलावं, आणि लवकर आटपावं." पहिलं मी करतेय. दुसऱ्याची खात्री देत नाही.

मॅडमचं काम काय? सरळ सांगायचं तर गटाराची झाकणं. हसू येतं ना? पण झाकण जागेवर असतं तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जातं का? धायरीत एक काळ असा आला होता की आज बसवलेलं लोखंडी झाकण उद्या भंगारात. तिथल्या बायडाबाईंच्या दारासमोरचं तर टिकतच नव्हतं. कुणी पडू नये म्हणून लोक उघड्या चेंबरात झाडाची फांदी खोचून ठेवायचे. एकदा कडुनिंबाची फांदी खोचली, आणि नवं झाकण यायला आपल्या कृपेनं इतका उशीर झाला की आसपासच्या बायका तिला हळदकुंकू वाहायला लागल्या. मॅडम झाकण घेऊन पोचल्या, तर म्हणे देवी हलवायची नाही! शेवटी बायडाबाईंनीच नारळ फोडून देवीची समजूत काढली. त्या खोबऱ्याचा प्रसाद मॅडमनीही खाल्ला.

मग मॅडमनी निराळं झाकण करून घेतलं. एका अंगाला बिजागरी, आत कुलूप, आणि बाजारात मिळणार नाही अशी चावी. चाचणी म्हणून ते बायडाबाईंच्याच गल्लीत बसवलं आणि चावी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. ऑफिसात काय कमी चेष्टा झाली का? "काय मॅडम, गटारात सोनं ठेवलंय काय?" मॅडम नुसत्या हसायच्या. चोऱ्या मात्र थांबल्या. आम्हाला वाटलं, झालं, कुलपाचं काम एवढंच.

आता थोडं घरचं सांगते. माझे मालक, भैरू अवघडे, पूर्वी चेंबरात उतरायचे. त्यांचे वडीलही उतरायचे. ते काम काय असतं हे इथल्या बायकांना सांगायला नको. वास सोसत नाही म्हणून आधी दारूचा घोट घ्यायचा, कमरेला दोर बांधायचा आणि खाली जायचं. उतरण्याआधी चपला काढायच्या त्या घराकडे तोंड करून. तशी रीतच आहे. म्हणजे वर आलं की पाय आपोआप घराकडे वळतात, असं सासरे म्हणायचे. माणसाला उतरवायला कायद्यानं बंदी आहे, ते खरं. पण ठेकेदाराचा फोन काही बंद होत नाही. एके दिवशी मी यांना लेकरांची शपथ घातली. यांनी कान धरले, म्हणाले, सोडलं. आता मांजरी गावाला उसाच्या शेतावर जातो. आणि संध्याकाळी येताना खरंच उसाची कांडकी घेऊन यायचे हो! मी भोळी, सोलून खायचे. रसवंतीवाल्याकडून आणलेला ऊस आणि शेतातला ऊस, यात फरक तो काय कळणार?

तर त्या दिवशी मॅडमची रजा होती. नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये फरहतचा साखरपुडा. इकडे ऑफिसात ठेकेदाराचा फोन. बायडाबाईंच्या गल्लीतलं चेंबर तुंबलंय, घरात पाणी शिरलंय, मैला ओढायची गाडी दुसरीकडे अडकलीय, माणूस तयार आहे, फक्त चावी द्या. मला रिक्षात घालून चावी आणायला पाठवलं. मी गेले. हॉलमध्ये मॅडम जरीची जांभळी साडी नेसून, हातात पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या. मी कानात सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "माणूस तयार आहे म्हणजे कोण? नाव काय त्याचं?"

मी ठेकेदाराला फोन लावला. तो खेकसला, "नाव कशाला पाहिजे? नेहमीचाच आहे."

मॅडमनी ताट खाली ठेवलं. मन्सूरभाईंकडे नुसतं पाहिलं. मन्सूरभाई म्हणाले, "जा तू. इथलं मी बघतो." मन्सूरभाई, त्या दिवशी पाहुण्यांनी तुम्हाला काय काय ऐकवलं असेल, याची मला कल्पना आहे.

धायरीत पोचलो तर ही गर्दी. आणि त्या बंद झाकणाच्या कडेला चपलांचा जोड. घराकडे तोंड केलेला. डाव्या चपलेचा अंगठा मी आदल्याच दिवशी निळ्या दोऱ्यानं शिवला होता. माझा शिवलेला दोरा मला ओळखू येणार नाही होय? मान वर केली तर हे उभे. चड्डीवर, कमरेला दोर, डोळे लाल. मला बघून एवढंच म्हणाले, "तू इथं कशी?" अहो, मी इथं कशी? मी तुमचीच चावी आणायला गेले होते!

मी जाऊन यांच्या कमरेचा दोर धरला. मॅडमना म्हटलं, "हे माझे मालक, भैरू."

ठेकेदार म्हणाला, "मॅडम, चावी द्या, दोन मिनिटांचं काम आहे." मॅडम म्हणाल्या, "गाडी येऊ दे." तो म्हणाला, "मग मी कुलूप फोडतो." घण आणायला माणूसही धाडला. तेव्हा मॅडमनी काय करावं? समोरच्या दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, झाकणावर मांडली आणि तिच्यावर बसल्या. जरीची साडी, अंगाला अत्तराचा वास, पायाखाली घाण पाणी. "फोडा आता," म्हणाल्या.

बायडाबाई बाहेर आल्या. त्यांचंही काय चुकलं? गुडघाभर मैल्यात उभी म्हातारी. म्हणाल्या, "बाई, माजं देवघर बुडालं! तुमाला काय जातंय खुर्चीत बसायला? मानूस हाय ना तयार?"

मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमचं घर मी स्वतः धुऊन देईन. याला परत कुठून आणून देऊ?"

आणि मग यांच्याकडे बघून, अगदी घरच्या माणसाला बोलावं तसं म्हणाल्या, "भैरूभाऊ, चपला घाला."

हे जागचे हलेनात. मान खाली. मॅडमचा फोन पर्समध्ये सारखा वाजत होता. कोण बोलावतंय ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. मॅडमनी तो घेतला नाही. एकदाच पर्समध्ये हात घातला, मला वाटलं फोन घेतायत. पण चावी आहे ना, तेवढं चाचपून पाहिलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा गाडी आली. मॅडमनी खुर्ची हलवली, कुलूप काढलं, सगळ्यांना लांब उभं केलं आणि गॅस तपासायचं यंत्र दोरीनं खाली सोडलं. ते असं किंचाळायला लागलं की कुत्री पळाली. खाली मरण होतं हो.

मग बायडाबाई त्या पाण्यातून चालत आल्या. वाकल्या, यांच्या चपला स्वतःच्या हातानं उचलल्या आणि आणून यांच्या पायाशी ठेवल्या. पाटलाच्या घरची म्हातारी! आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलेलं नाही. "घाल रं बाबा," म्हणाल्या, "घर काय, वाळंल." तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

बायडाबाई, तुम्ही तिथं मागं बसलाय. डोळे पुसा. नंतर मॅडमनी खरंच तुमचं घर धुतलं का? धुतलं! आणि मीही धुतलं. वर तुम्ही आम्हाला "कोपरा राहिला" म्हणून बोललात, तेही लक्षात आहे.

पुढे मी मॅडमना विचारलं, कुलूप चोरांसाठीच ना? तर म्हणाल्या, "कौशल्याताई, चोरी थांबवायची म्हटलं की फाइल पुढे सरकते. माणूस वाचवायचाय म्हटलं तर 'बघू' म्हणतात. म्हणून चोरीचं लिहिलं." बद्रीनाथ साहेब, आज चावी आपल्याकडे येतेय. तिच्याबरोबर हेही येतंय, म्हणून चारचौघांत सांगितलं.

फरहत, बाळा, आता तुझ्याशी बोलते. त्या दिवशी पाहुणे थांबले नाहीत. अंगठी घातली गेली, दुवा झाली, लोक जेवून गेले. मॅडम पोचल्या तेव्हा हॉलमधली सजावट उतरवत होते. तुझ्या साखरपुड्याच्या एकाही फोटोत तुझी आई नाही. मला हे तुझ्या लग्नात कळलं, आणि त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही. तू कधी आमच्याकडे रागानं पाहिलं नाहीस, उलट यांना मामा म्हणतेस. तुझं देणं मी कसं फेडू? फेडता येत नाही. दाखवता मात्र येतं.

अहो, उभे राहा. शेवटच्या रांगेतले, निळा सदरा. उभे राहा की, लाजताय काय? सगळ्यांना दिसू द्या. हं, असं.

फरहत, तुझी आई त्या दिवशी कुठं होती ते बघून घे.

अध्यक्ष महाराज, मला बोलू दिलंत, आपले आभार. मन्सूरभाई, तुमचे आभार मानायला शब्द नाहीत, म्हणून नुसते हात जोडते. मॅडम, आता घरी आराम करा. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर लेकीबाळीचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि अहो, बसा आता खाली. किती वेळ उभे राहाल?