पान एकशे एकसष्ट

नाही हो अक्का, माझ्याकडं नाही ती. चौऱ्याहत्तर सालची अभ्यासक्रम-पुस्तिका ना? ग्रंथालयात असेल बघा. तिथली बघितलीत? एकशे साठ पानांची? मग तेवढीच ती, पुढं काही नव्हतं. बसा की, उभ्या का? धारवाडहून केशवापूरला आलात, एवढ्या उन्हाचं, चहा तरी घ्या — सून टाकतेय. मला निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली, विद्यापीठातून कुणी फिरकलं नाही, आणि आज एकदम तुम्ही, कागदाचं पाकीट घेऊन. सारखं फाटकाकडं काय बघताय? रिक्षा थांबवलीय? थांबू दे. तिकडं बघू नका एवढंच म्हणतो. चार वाजायला आलेत.

हां, पुस्तिका. तुमचं आता सोपं झालंय, सगळं संगणकावर — एक ओळ वाढली तर खालची ओळ खाली सरकते, कुणाला काही कापावं लागत नाही. आमची छापायची. सुभाष रोडला छापखाना, तिथं गोपाळ म्हणून जुळारी होता, एकेक अक्षर वेचून लावायचा. छपाई सोळा पानांच्या फर्म्यात. दहा फर्मे म्हणजे एकशे साठ पानं. आता पान एकशे एकसष्ट निघालं तर काय करायचं? एका पानासाठी अकरावा फर्मा, म्हणजे आणखी चार दिवस, आणि पंधरा जूनच्या आत पुस्तक कॉलेजांत पोचायलाच हवं. का हवं? कारण कुठला विषय आहे, किती पेपर, कोण कुठल्या नियमानं पास, सगळं त्यातच. आप्पासाहेब आमचे सुपरिंटेंडेंट. खिडकीवर कुणी हुज्जत घातली की त्यांचं एकच वाक्य — पुस्तकदाग इल्लंद्र इल्ल. पुस्तकात नाही म्हणजे नाही. मीही तेच शिकलो. पंचवीस वर्षं तेच बोललो.

काय म्हणता, अर्ज आलाय? जुन्या नापासांना एकदाच संधी, ते वाचलं मी पेपरात. तेव्हा सुटलेले पेपर धरून त्यांची क्रेडिटं मांडणार, राहिलेला पेपर घेणार, आणि पदवी. चांगलं आहे. पण ज्यांचा हक्क त्या वेळी शिल्लक होता त्यांनाच, असं कलम घातलंय ना तुम्ही? घालणारच. कलमाशिवाय विद्यापीठ कसलं. मग या बाईंचं अडलं कुठं? मराठी ऐच्छिक, पेपर चौथा. बरोबर. तो पेपर चौऱ्याहत्तरला बंद झाला, अभ्यासक्रम बदलला, आणि पुस्तिकेत जुन्या विद्यार्थ्यांसाठी ओळ नाही. ओळ नाही म्हणजे हक्क नाही, हक्क नाही म्हणजे सगळी क्रेडिटं बाद. मग नाही म्हणून कळवून टाका, माझ्याकडं कशाला — नाव काय म्हणालात?

पुन्हा वाचा. भागीरथी धोंडिबा... गाव अळणावरजवळचं. हां.

गोपाळची चूक ती. ओळ गाळली असेल त्यानं, नजर कमी झाली होती त्याची. असं होतं छापखान्यात. तो गेला बिचारा, आता कुणाला विचारणार? ... हे काय? दाखवा. तीन अर्ज, परत केलेले. पंचाहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर. जपून ठेवले तिनं? प्लास्टिकमध्ये? आणि तिन्हींवर शेरा — 'पुस्तिकेत तरतूद नाही.' अक्षर... हो, माझंच आहे. म्हणून आलात होय तुम्ही.

चहा घ्या, गार होईल.

गोपाळची नाही चूक. गोपाळनं बरोबर लावलं होतं. एकशे एकसष्टाव्या पानावर एकच टीप उरली होती, चार ओळींची — जुना चौथा पेपर राहिला असेल त्यांना तो तीन वर्षं देता येईल, ठराव क्रमांक अमुक. मी म्हटलं, चार ओळींसाठी फर्मा कशाला, वेगळं शुद्धिपत्र काढू, एवढीशी चिठ्ठी, पुस्तकात चिकटवून देऊ. नेहमी करायचो आम्ही तसं. लाल शाईनं काट मारली, खाली नाव आणि तारीख. आणि चिठ्ठी राहिली. का राहिली? राहिली. त्या महिन्यात घरी पाळणा हलला होता, कॉलेजांची टपाल-बांधणी होती, कारणं खूप सांगता येतील. विसरलो, अक्का. विसरण्याला शिक्षा नसते, चूक कुणाचीही होते.

ती आली पहिल्यांदा तेव्हा एकवीस वर्षांची होती. खिडकी तीन ते चार उघडी, ही चारला पाच कमी असताना यायची, अळणावरची गाडी पकडून. सगळे पेपर सुटलेले, फक्त चौथा राहिलेला — परीक्षेच्या दिवशी ताप. गावातली पहिलीच शिकलेली पोरगी, शाळेत नोकरी धरून ठेवली होती तिच्यासाठी, पदवी आणली की हजर व्हायचं. मी पुस्तक उघडलं, नाही म्हणालो. तिनं हात जोडले नाहीत, रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, पुस्तकात बघा की एकदा." मी पुन्हा बघितलं आणि पुन्हा नाही म्हणालो. ती गेल्यावर आठवलं.  कपाट उघडलं, छापखान्यातून तपासायला आलेलं ते कच्चं पान सापडलं. चार ओळी, माझी लाल काट.

तेव्हा काय करायला हवं होतं? आप्पासाहेबांच्या टेबलावर पान ठेवायचं, चुकलो म्हणायचं, एक परिपत्रक काढायचं. संपलं. पण सुपरिंटेंडेंटच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं होतं. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ती वडलांना घेऊन आली. धोंडिबा लाकडाच्या डेपोत ओझी वाहायचे, पटका काढून खिडकीच्या फळीवर ठेवला त्यांनी. "साहेब, पोरगी हुशार हाय आमची." आणि मागून ती — सर, पुस्तकात बघा की एकदा. पान माझ्या खणात होतं, अक्का. एवढ्या अंतरावर, गुडघ्याशी. मी पुस्तक उघडलं आणि नाही म्हणालो. तिसऱ्या वर्षी एकटी आली. मुदतीचं शेवटचं वर्ष, हे मला ठाऊक, तिला नाही. त्या वर्षी मी पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

हे मी तुम्हाला सांगायचं नव्हतं. माझ्या बायकोलाही, वत्सलालाही, कधी सांगितलं नाही. तिला एवढंच ठाऊक की चार वाजले की मी खिडकीशी जाऊन बसतो. कारण ती पोरगी येते. धारवाडच्या घरी यायची, इथं मुलाकडं आलो तर इथंही. फाटकापाशी, जास्वंदीच्या शेजारी, दोन वेण्या, छातीशी कागद. वत्सला म्हणायची, कुणी नाही हो तिथं, पडा जरा. वत्सला जाऊन चार वर्षं झाली, ही यायची थांबली नाही. बोलत नाही, नुसती उभी. मी घाबरत नाही आता. लाज वाटते, तेवढीच.

काय केलं तिनं पुढं? तुम्हाला माहीत असेल. बालवाडीत? मदतनीस? शिक्षिका नाही, मदतनीस — पोरांची नाकं पुसायला. चाळीस वर्षं. हं. सत्तरीला पदवी घेऊन काय करणार, हे विचारायचा अधिकार मला नाही.

ती पेटी ओढा जरा. खाटेखालची हो, पत्र्याची. ठरावाची वही वाळवीनं खाल्ली म्हणता ना तुमच्याकडं? हे घ्या ते पान, ठराव क्रमांकासकट. जपून, घडीवर फाटतंय. लाल काट कुणाची ते खाली लिहिलेलंच आहे — वादिराज कुलकर्णी, तारखेसह. शिवाय लिहून देतो, ओळ होती, मी काढली, आणि तीन वर्षं माहीत असून बोललो नाही. पेन द्या. पेन्शन थांबवतील तर थांबवू देत. घ्या, सही केलीय.

आता जा तुम्ही. चार झाले. मघापासून उभी आहे ती, मला तुमच्यासमोर नको. आज जरा वेगळीच दिसतेय, केस पांढरे — असे कधी नव्हते. आणि आधाराला फाटक धरलंय. तुम्ही कुणाला हात करताय, अक्का? तिकडं कुणी नाही. मला दिसतं ते माझं...

तुमच्याबरोबर आल्यात? रिक्षातून? आणि आत यायला नको म्हणाल्या.

थांबा, हाक मारू नका. नाही — मारा. नको, आलीच ती. पायरी आहे तिथं, सांभाळून. ते पान द्या इकडं, माझ्या हातात द्या.

आहे, भागीरथीबाई. बघितलं मी. आहे.