कुरकुरीचा फोटो

...नाही, पण मला सांगा, आवाजाचा फोटो कसा काढतात? जुन्या वस्तूंच्या ॲपवर आमच्या दादाने तक्रार केली, अदलाबदलीत आलेली व्यायामाची सायकल कुरकुरते म्हणून, तर ॲपवाली बाई म्हणते, "आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, कृपया फोटो जोडा." झालं! वहिनी पेडल मारतेय, दादा खुर्चीत बसूनच सायकलवर मोबाइल रोखतोय, आणि मी टॉर्च धरून उभा. सख्खा भाऊ ना मी!

तुम्हाला सांगतो, सुरुवात दादाच्या गुडघ्यापासून झाली. डॉक्टर म्हणाले, टेनिस बंद, घरातच सायकल चालवा. त्या दिवशी हा माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. जेवायला बोलवा, भूक नाही. फिरायला चल म्हणा, कशाला. शेवटी वहिनीनेच ॲप उघडून दिलं, रॅकेट द्या नि कुणाची तरी सायकल घ्या. दादाने रॅकेटखाली लिहिलं, 'जवळजवळ नवीन'. जवळजवळ! मॅच हरल्यावर हीच त्याने जमिनीवर आपटली होती, फ्रेमला केसाएवढी चीर, आणि चिरेवर वहिनीचं नेलपॉलिश... रंग मात्र अगदी जुळला होता हं.

सायकलवाले निघाले शाळेतले निवृत्त पीटीचे सर. त्यांची सायकलही, अर्थातच, जवळजवळ नवीन. खोटं कशाला बोलू, ती चालवली होती कुणी? तिच्यावर टॉवेल वाळत होते! हँडलवर चिमट्यांचे वळ, आणि पेडल मारलं की आत कुणीतरी दातओठ खातंय.

इकडे सरांचीही तक्रार, पहिल्याच फटक्याला रॅकेटने मान टाकली. बाईंना त्यांच्याहीबद्दल तितकाच खेद. आठवडाभर दोघांचे फोटो खाऊन बाई म्हणाल्या, आपसात मिटवा.

म्हणून सर घरी आले, रॅकेट पुराव्यासारखी पुढे धरून. "ही जवळजवळ नवीन?"

"आणि ही?" म्हणत दादा खुर्चीतून उठला. उठला हो! सायकल कुरकुरते हे दाखवायला स्वतः वर चढला. सर म्हणाले, तुम्हीच वाकडे बसता. मग सर चढले. मग दादाने रॅकेट सरळ आहे हे सिद्ध करायला बैठकीतच बॅकहँड मारला, दिव्याची काच गेली, त्यावरून नवा वाद. चहा झाला, परत चहा झाला. जाताना सर चपला घालत म्हणाले, "घरी मी एकटाच असतो, मला वेळच वेळ आहे. उद्या येतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सुनावणी. दादा इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत उभा, कुरकूर ऐकवायची म्हणून रोज पेडल मारतो, डॉक्टर त्याच्या गुडघ्यावर बेहद्द खूश. जेवताना भात मागून घेतो!

काल ॲपवर विचारणा आली, आपला वाद मिटला का? आत सर सायकलला कान लावून बसलेले, दादा घामाघूम. वहिनीने मोबाइल उचलला, मी म्हटलं सुटलो. तिने शांतपणे 'नाही' दाबलं.

मी विचारलं, हे काय, तर म्हणाली, "मिटला तर हे दोघं संध्याकाळी करतील काय? भाऊजी, दूध संपलंय, तेवढं घेऊन या."

आणलं. आता रोज मीच आणतो.